शंभर किलोमीटर इकडून, ब्याण्णव तिकडून

पुण्यातला म्हणतो, "तुम्हीच या की एकदा इकडे." ठाण्यातला म्हणतो, "येतो रे, पण एक्स्प्रेसवेचं ट्रॅफिक बघितलंस का?" गणपतीत ठरलेली भेट दिवाळीवर जाते, दिवाळीची संक्रांतीवर. शेवटी कुणाच्या तरी मुलाच्या लग्नात बुफेच्या रांगेत ताट धरून सगळे एकमेकांना "भेटलं पाहिजे यार" म्हणतात आणि आपापल्या गाडीला लागतात.

अशा मंडळींसाठी हे लिहितो आहे. मी कर्जतचा. नोकरीची सगळी वर्षं लोकलने दादर गाठण्यात गेली. आता घरी असतो आणि मुंबईच्या-पुण्याच्या मित्रांना कर्जतला बोलवत असतो. कारण सोपं आहे. मुंबई ते पुणे रेल्वेने १९२ किलोमीटर, त्यात कर्जत आहे १०० व्या किलोमीटरवर. पुणेकरांना ९२ पडतात. इतका सरळ निम्मा वाटा दुसरीकडे मिळायचा नाही, आणि 'आम्हीच का यायचं?' हा वादही उरत नाही.

पहिली गोष्ट, गाडी घेऊन येऊ नका. गाडी आणली की एकाला ती चालवावी लागते, तो सकाळपासून परतीच्या गर्दीचा हिशेब करत बसतो आणि जेवणात त्याचं लक्ष नसतं. रेल्वेने आलात तर भेट डब्यातच सुरू होते. डोंबिवलीला एक चढतो, बदलापूरला दुसरा, आणि कर्जत येईपर्यंत निम्म्या गप्पा होऊन गेलेल्या असतात.

मुंबईकडून येणाऱ्यांना कर्जत लोकल पुरे. दोन तासांच्या आसपास लागतात. इंडिकेटरवर कर्जतचं अक्षर इंग्रजी 'एस' असतं. नवखा माणूस ते 'स्लो'चं समजतो आणि गाडी सोडून देतो. हे मी प्लॅटफॉर्मवर अनेकदा पाहिलं आहे. सकाळची गर्दी मुंबईकडे जाणारी, म्हणून उलट दिशेला कल्याणनंतर आरामात बसायला मिळतं. पावसाळ्यातले शनिवार-रविवार सोडून, हे मात्र लक्षात ठेवा. बसायचं तर उजव्या खिडकीला. वांगणीपासून चंदेरीचा सुळका दिसायला लागतो, मग माथेरानचा लांबलचक डोंगर नेरळपर्यंत साथ देतो. डावीकडे लांबवर सह्याद्रीची मुख्य रांग दिसते. तिच्यातच सिद्धगड आहे, जिथे २ जानेवारी १९४३ ला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रजांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. कोतवाल माथेरानचे. एका खिडकीतून त्यांचं गाव दिसतं आणि समोरच्या खिडकीतून त्यांच्या मृत्यूची जागा, हे रोज ये-जा करणाऱ्या आमच्यासारख्यांच्याही फारसं ध्यानात येत नाही.

रविवारी यायचं असेल तर मेगाब्लॉकची बातमी आदल्या दिवशी वाचा. ती न वाचल्यामुळे चार मित्रांपैकी दोघे दुपारी एक वाजता पोचले आणि भाकऱ्या गार झाल्या, असं आमच्याकडे घडलेलं आहे. परतीचं तिकीट निघतानाच काढा.

पुणेकरांचं गणित थोडं वेगळं. त्यांना लोकल लोणावळ्यापर्यंतच. पुढे एक्स्प्रेसच घ्यावी लागते. सकाळी सहाच्या सुमाराला पुण्याहून सुटणारी सिंहगड कर्जतला थांबते. तीच सिंहगड मुंबईहून दुपारी अडीचच्या सुमाराला निघून साडेचारच्या आसपास कर्जतला येते. म्हणजे पुणेकरांच्या हाती आठेक तास राहतात, जेवायला आणि भांडायला भरपूर. वेळा बदलत असतात, निघण्याआधी खात्री करून घ्या आणि आरक्षण करून या. पुण्याहून उतरताना उजवी खिडकी धरावी. खंडाळ्यानंतर उल्हासची दरी त्या बाजूला आहे, पलीकडे राजमाची. मंकी हिल, नागनाथ, ठाकुरवाडी, जांबरूंग अशी एकेक केबिन मागे टाकत गाडी सावकाश उतरते. कुणी कंटाळला तर त्याला सांगा की हा उतार सदतीस फुटांना एक फूट आहे, तिथे घाई करून चालत नाही.

या चढणीमुळेच कर्जतला खाण्याची चव लागली. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला इथे मागून जादा इंजिनं लावावी लागतात, आम्ही त्यांना बँकर म्हणतो. ती लागेपर्यंत गाडी उभी. उभ्या गाडीतल्या माणसाला भूक लागते आणि प्लॅटफॉर्मवर कढई तापलेली असते. दिवाडकरांचा बटाटावडा त्या थांब्याने मोठा केला. पुण्याला जाणाऱ्या कित्येक माणसांनी कर्जत गाव कधी पाहिलेलं नाही, वडा मात्र पिढ्यान्‌पिढ्या खाल्ला आहे. आता काही गाड्यांना दोन्ही टोकांना इंजिनं असतात, त्यांना बँकरची गरज पडत नाही. वडा अजून आहे. तर भेटायची जागा ठरवताना 'स्टेशनवर भेटू' असं मोघम लिहू नका, 'वड्याच्या स्टॉलपाशी' असं लिहा. तो सगळ्यांना सापडतो. वडा प्रत्येकी एक. दुसरा मागायचा मोह होईल, पण दुपारचं जेवण त्यावरच जातं. आणि कढईतून निघालेला घाण्याचा वडा हवा असेल तर गाडी आल्याआल्या गर्दीत शिरू नका. गाडी जाऊ द्या, पाच मिनिटं थांबा, पुढचा घाणा पडतो.

आता मुख्य मुद्दा, जेवण. माझं मत असं की कर्जतला यायची तारीख सुट्ट्या बघून ठरवू नये, शेतात आणि रानात काय आहे ते बघून ठरवावी. 'काय बघायचं?' असं विचारणाऱ्यांना मी कोंढाण्याची लेणी सांगतो, पेठचा किल्ला सांगतो. पण मनातून वाटतं, यांनी आधी 'काय खायचं?' विचारायला हवं होतं.

जूनमध्ये या, पहिल्या पावसाच्या मागोमाग. स्टेशनच्या बाहेर आणि बाजाराच्या तोंडाशी कातकरी, ठाकूर बाया रानभाज्या घेऊन बसलेल्या असतात. सगळ्यात आधी येतात शेवळं. जमिनीतून वर आलेले जांभळट-तपकिरी कोंब, जुडी बांधलेले. शेजारी हिरवट छोट्या फळांचा वाटा असतो, ती काकडं. शेवळं घेतलीत तर काकडं घ्यायलाच हवीत. शेवळं घशाला खाजतात, ती खाज काकडांच्या आंबटपणाने मारली जाते. एकदा ठाण्याच्या एका मित्राने 'ही आंबट फळं कशाला?' म्हणून नुसतीच शेवळं नेली. रात्री त्याचा फोन आला तेव्हा बोलताना तो मधेमधे खाकरत होता. मग टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, आणि पाऊस मुरल्यावर कंटोळी. कंटोळी सगळ्यांना आवडतात. भारंगीला कडू चव चालणारा माणूस लागतो. भाजी ओळखत नसाल तर रानात जाऊन स्वतः खुडू नका, दिसायला सारखी दिसणारी विषारी पानं असतात. विकणारीला विचारा, कशी करायची तेही ती सांगते. तिच्याशी दहा रुपयांवरून घासाघीस करू नका. ती पहाटेपासून डोंगरात फिरून आलेली असते. सुटे पैसे आणि कापडी पिशवी जवळ असू द्या.

पावसाळ्याचीच एक ताकीद इथे देऊन टाकतो. खोपोलीचा झेनिथ धबधबा, भिवपुरीकडचे आषाण्याचे धबधबे, उल्हासचे डोह, यांत दर पावसाळ्यात माणसांचे जीव जातात. प्रशासन बंदी घालतं, ती पाळा. पेज नदी उन्हाळ्यातही वाहती दिसते ती भिवपुरीच्या टाटा वीजगृहातून सुटणाऱ्या पाण्यामुळे. ते वीजगृह १९२२ पासून चालू आहे. आभाळ कोरडं आहे म्हणून तिचं पाणी वाढणार नाही असं धरून चालू नका. जेवायला आला आहात, काठावर बसा.

मे महिन्यात करवंदं, जांभळं, कैऱ्या. उकाडा इतका की तुम्हाला बोलावताना मलाच संकोच वाटतो.

खरा मोसम थंडीचा. भात कापलं की त्याच शेतात, उरलेल्या ओलीवर वाल टाकतात. पाणी द्यावं लागत नाही. त्याच्या शेंगा जानेवारीत भरतात आणि मग संध्याकाळी शेताशेतातून धूर दिसायला लागतो. ती पोपटी. रायगड जिल्ह्याबाहेरच्या माणसाला हा शब्द ऐकून पक्षी आठवतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मातीचं मडकं घ्यायचं. तळाला भांबुर्ड्याचा पाला. हे बांधांवर, वाटेच्या कडेला आपोआप उगवणारं उग्र वासाचं झुडूप. एरवी त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. त्यावर वालाच्या शेंगा, अख्ख्या, नुसत्या धुऊन जाडं मीठ आणि ओवा चोळलेल्या. मग मसाला लावून केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी, मधेमधे अंडी, बटाटे, रताळी, कांदे, वर पुन्हा शेंगा. तोंडाशी भांबुर्डा इतका दाबून कोंबायचा की मडकं उलटं केलं तरी आतलं काही हलता कामा नये. कारण ते उलटंच ठेवायचं असतं, तोंड जमिनीकडे. भोवती पेंढा, पालापाचोळा, लाकडं रचायची आणि पेटवायची. आत पाण्याचा थेंब नाही, तेल नाही. शेंगांच्या आणि पाल्याच्या वाफेवर सगळं शिजतं.

अर्धा-पाऊण तास लागतो, आणि माझ्या मते मित्रांना भेटायचं ते या पाऊण तासासाठी. करण्यासारखं काहीच नसतं. एकजण काटकीने निखारे सारतो, बाकीचे त्याला चुकीचे सल्ले देतात. गेल्या जानेवारीत कशेळ्याकडच्या एका शेतावर आम्ही सहाजण बसलो होतो. दोघे पुण्याचे, तिघे मुंबईकडचे, मी यजमान. शाळेत एका बाकावर बसणारे दोघे कशावरून तरी आठ वर्षं बोलत नव्हते. त्यांतल्या एकाने मडक्यावर पाण्याचा शिपका मारला. झालं का बघायची हीच रीत. पाणी चर्र करून क्षणात उडालं तर झालं. ते उडालं. दुसरा म्हणाला, "अजून पाच मिनिटं ठेव, तुला नेहमीच घाई." आठ वर्षांतलं हे पहिलं वाक्य. मग मडकं कागदावर उपडं झालं, धुराचा, ओव्याचा आणि भांबुर्ड्याचा वास एकदम अंगावर आला आणि पुढची दहा मिनिटं कुणीच कुणाशी बोललं नाही. तोंडात शेंगा होत्या.

पोपटी आयत्या वेळी मागून मिळत नाही. डिसेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंतच मिळते, आणि आदल्या दिवशी सांगावं लागतं. कर्जत, कडाव, कशेळे, कोंदिवडे या बाजूला शेतघरं आहेत, घरगुती जेवण देणारी कुटुंबं आहेत. त्यांतले बरेचजण मोसमात पोपटी लावतात. शाकाहारी मित्रांसाठी वेगळं मडकं सांगा, त्यात अंडं-कोंबडी नाही. एकाच मडक्यात 'एका बाजूला शाकाहारी' असं कुणी म्हणालं तर नको म्हणा, रस सगळीकडे उतरतो.

पोपटीचा मोसम नसेल तेव्हा साधं जेवण सांगा. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुकट किंवा गावठी कोंबडीचा रस्सा, भात. भाकरी कुठल्या तांदळाची तेही विचारून बघा. कर्जतला कोकण कृषी विद्यापीठाचं भात संशोधन केंद्र आहे. 'कर्जत-३', 'कर्जत-७' ही वाणं तिथलीच. आपल्या गावाचं नाव पोत्यावर छापलेलं असतं याचा आम्हाला अभिमान आहे, आणि दुर्दैवाने ते भात पिकवणारी शेतं आता भरभर प्लॉटमध्ये जात आहेत.

गावठी कोंबडीबाबत एक खूण. ती शिजायला वेळ घेते. मागे एका फार्महाऊसवर आम्ही पोचल्यावर ऑर्डर दिली आणि वीस मिनिटांत 'गावठी'चं पातेलं समोर आलं. मालकाच्या तोंडावरची रेषाही हलली नाही. मांस बोटाने सुटत होतं, हाडं कुरकुरत होती, आणि बिलात मात्र ती अस्सल गावठीच होती. तेव्हापासून मी फोनवर दोनच प्रश्न विचारतो: कोंबडी चुलीवर किती वाजता चढणार, आणि भाकरी आम्ही बसल्यावर थापणार का आधी? दुसऱ्या प्रश्नाला 'बसल्यावर' असं उत्तर आलं की नाव पक्कं करा. उकडीची भाकरी तव्यावरून ताटात आली तर तिच्यासारखी तीच, अर्ध्या तासाने तिचा नुसता पापड.

आणि चायनीजच्या गाड्या? कर्जतच्या चार फाट्यावर संध्याकाळी त्या लागतात, लाल-पिवळ्या दिव्यांच्या, आणि आमची पोरं तिथे चायनीज भेळ खातात. ती चीनमध्ये कुणाला माहीत नसावी. तुमच्याबरोबर पंधरा-सोळा वर्षांची मुलं असतील तर त्यांना संध्याकाळी तिथे न्या, तक्रार बंद होते. तुम्ही मात्र त्यासाठी दोन तास लोकलमध्ये बसू नका, ती तुमच्या कोपऱ्यावरही मिळते.

स्टेशनबाहेर रिक्षा आणि सहा आसनी गाड्या मिळतात, एसटीही आहे. लांबच्या शेतघरावर जायचं तर जाता-येताचं भाडं आधी ठरवा आणि रिक्षावाल्याचा नंबर घेऊन ठेवा, संध्याकाळी आडगावातून रिक्षा मिळत नाही. जेवण सांगितलं आहे त्या घरालाच विचारलंत तर ते त्यांच्या ओळखीचा माणूस पाठवतात. ते सगळ्यात बरं.

ज्यांच्याकडे वेळ जास्त आहे त्यांनी खालापूरकडे वळावं. कर्जतहून खोपोलीची लोकल पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी करत अर्ध्या तासात पोचते. गाड्या थोड्या आहेत. एक चुकली की तास-तास बसावं लागतं, म्हणून परतीची वेळ आधी बघून ठेवा. ही फांदी आज आडबाजूची वाटते, पण १८५६ मध्ये रेल्वेचं टोक खोपोलीच होतं. घाट बांधून होईपर्यंत, म्हणजे १८६३ पर्यंत, पुण्याला जाणारा प्रवासी इथे उतरायचा आणि पालखीतून, तट्टावरून किंवा पायी खंडाळा चढायचा. खोपोलीहून रिक्षाने महडचा वरदविनायक जवळ आहे. अष्टविनायकातला हा गणपती, आणि इथे भाविकांना गाभाऱ्यात जाऊन स्वतःच्या हाताने पूजा करता येते. इतिहासाची आवड असेल तर चावणी गावाजवळची उंबरखिंड बघा. फेब्रुवारी १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी मुघल सरदार कारतलबखानाच्या फौजेला तिथल्या जंगलात कोंडलं. खानाबरोबर रायबागन ही स्त्री सरदार होती, शरण जाण्याचा शहाणा सल्ला तिनेच दिला असं सांगतात. एवढं फिरून भूक लागली तर जुन्या हायवेवर खोपोलीत रमाकांतचा वडा आहे. कर्जतचा चांगला की खोपोलीचा, या वादात मी कर्जतकर असल्याने माझं मत धरू नका.

पनवेलकडच्या लोकांसाठी पनवेल–कर्जत हा नवा उपनगरी मार्ग उभा राहतो आहे. चिखले, मोहोपे, चौक ही मधली स्टेशनं. लोकल धावत असेल तर नवी मुंबईकरांना कल्याणचा फेरा घालावा लागणार नाही. निघताना चौकशी करा.

परतताना पुणेकरांना आधी गाडीत बसवा. त्यांच्या गाड्या मोजक्या आहेत, मुंबईकडच्यांना लोकल मिळत राहते; पण रात्र वाढत गेली की तिच्याही दोन गाड्यांमधलं अंतर वाढतं. प्लॅटफॉर्मवर सोडायला येणाऱ्याने प्लॅटफॉर्म तिकीट काढावं, निरोपाच्या वेळी दंड भरणं वाईट दिसतं.

आणि फोन करताना दोन आकडे तयार ठेवा: जेवणारे किती, आणि त्यांतले वाल न खाणारे किती. दुसरा आकडा लोक सांगायला विसरतात.